द्विभाषिक शाळा, इस्राएलमधील

ज्यू आणि पॅलेस्टिनी अरब मुलांना एकाच वर्गात, हिब्रू व अरबी या दोन्ही भाषांतून शिकवणाऱ्या मोजक्या शाळा. येथील पॅलेस्टिनी विद्यार्थी मुख्यतः इस्राएलचे अरब नागरिक असतात; जेरूसलेमच्या शाळेत शहराच्या पूर्व भागातील, नागरिकत्व नसलेल्या कुटुंबांतील मुलेही येतात. पश्चिम किनारा आणि गाझा पट्टीतील मुले मात्र या व्यवस्थेबाहेर आहेत. हा फरक विसरून या शाळांकडे पाहिले की चित्र फसवे होते.

१९५३ च्या राज्य शिक्षण कायद्यानंतर इस्राएलमध्ये सर्वसाधारण हिब्रू, धार्मिक हिब्रू आणि अरब अशा शाळा वेगवेगळ्या राहिल्या; कर्मठ ज्यू पंथाच्या शाळा आणखी निराळ्या. अरब नागरिक लोकसंख्येच्या सुमारे एक पंचमांश आहेत, तरी दोन्हीकडची मुले बालवाडीपासून बारावीपर्यंत बहुधा एकमेकांना भेटतच नाहीत. अनेकांची पहिली खरी गाठ पडते विद्यापीठात. तोवर बहुतेक ज्यू विद्यार्थी सक्तीची लष्करी सेवा करून आलेले, वयाने दोन-तीन वर्षांनी मोठे असतात, आणि वर्ग हिब्रूत चालतो. ओळख व्हायला याहून अवघड जागा शोधून सापडणार नाही.

पहिला प्रयोग झाला तो जेरूसलेम आणि तेल अवीव यांच्या दरम्यानच्या एका टेकडीवर. ब्रुनो हुसार या डोमिनिकन धर्मगुरूंनी लात्रूनच्या मठाकडून मिळालेल्या जमिनीवर ज्यू व अरब कुटुंबांचे एकत्र गाव वसवायला घेतले. हिब्रूत ‘नेवे शालोम’, अरबीत ‘वाहत अस्सलाम’, म्हणजे शांतीचे मरूद्यान. तिथली प्राथमिक शाळा १९८४ मध्ये सुरू झाली. पुढे अमीन खलाफ आणि ली गॉर्डन यांनी ‘हँड इन हँड’ ही संस्था काढली आणि १९९८ मध्ये जेरूसलेम व गॅलिली येथे सुमारे ५० मुलांना घेऊन वर्ग भरवले. २००४ मध्ये वादी आरा खोऱ्यातील कफ्र करा या अरब गावात शाळा निघाली. एरवी अरब मुलांनी ज्यू वस्तीकडे जायचे अशी रीत. इथे ज्यू पालक आपली लेकरे रोज सकाळी अरब गावात धाडू लागले, ही गोष्ट साधी नाही. बीरशेबा येथे ‘हागार’ या संस्थेने २००७ मध्ये असेच काम सुरू केले.

खालच्या इयत्तांत वर्गात दोन शिक्षिका असतात, एक हिब्रू बोलणारी, दुसरी अरबी. एकीने सांगितलेले दुसरीने भाषांतर करून सांगायचे नाही, धडा तिथूनच पुढे न्यायचा, अशी अपेक्षा असते. तरीही खरी अडचण भाषेचीच आहे. दुकान, दवाखाना, सरकारी कचेरी, पुढची नोकरी सगळीकडे हिब्रू लागते, त्यामुळे अरब मुले ती झपाट्याने आत्मसात करतात. ज्यू मुलांना अरबी समजू लागते, पण मधल्या सुट्टीत खेळ हिब्रूत रंगतो. शिवाय पुस्तकातली अरबी आणि घरात बोलली जाणारी अरबी यांत मोठे अंतर आहे, म्हणजे शिकणाऱ्यावर दुहेरी ओझे. २०१८ च्या राष्ट्र-राज्य कायद्याने अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा काढून तिला फक्त ‘विशेष स्थान’ दिले. चार भिंतींच्या आत समान असलेली भाषा फाटकाबाहेर समान राहत नाही, आणि हे सहा-सात वर्षांच्या मुलालाही कळते.

दुसरी कसोटी मे महिन्याच्या आसपास येते. १९४८ हे ज्यूंसाठी स्वातंत्र्याचे वर्ष, तर पॅलेस्टिनींसाठी ‘नकबा’, म्हणजे महाअरिष्ट. २००७ मध्ये शिक्षणमंत्री युली तामीर यांनी अरब शाळांच्या तिसरीच्या पुस्तकात हा शब्द येऊ दिला. २००९ मध्ये तो गाळला गेला. द्विभाषिक शाळांत दोन्ही हकिकती सांगितल्या जातात, कधी एकत्र बसून, कधी काही वेळ वेगळे होऊन. याच वाटेने जाणारा एक प्रयत्न डॅन बार-ऑन आणि सामी अदवान या अभ्यासकांनी शालेय पुस्तिकेच्या रूपाने केला होता. पानाच्या एका कडेला इस्राएली कथन, दुसऱ्या कडेला पॅलेस्टिनी, आणि मध्ये विद्यार्थ्याने लिहावे म्हणून कोरी जागा. इस्राएली किंवा पॅलेस्टिनी, कोणत्याच शिक्षण मंत्रालयाने ती स्वीकारली नाही.

२९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री जेरूसलेमच्या शाळेतील पहिलीचा वर्ग जाळण्यात आला. भिंतीवर अरबद्वेषी घोषणा लिहिल्या होत्या. ‘लेहावा’ या कडव्या ज्यू संघटनेच्या तिघांना पुढे शिक्षा झाली. शाळा बंद पडली नाही.

अलीकडच्या काळात ‘हँड इन हँड’च्या शाळांतील विद्यार्थिसंख्या सुमारे २,००० पर्यंत पोहोचली, देशाच्या मानाने ती अगदी थोडी. प्राथमिक वर्गांत दोन्हीकडची संख्या साधारण बरोबरीची ठेवणे जमते. माध्यमिक वर्ग आले की बरेच ज्यू पालक मुलांना नेहमीच्या हिब्रू शाळांत नेतात, आणि बारावीपर्यंत जाणाऱ्या जेरूसलेमच्या शाळेत वरच्या इयत्तांमध्ये अरब विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढत जाते.