जुना संगणक आणि बोलका पडदा: स्क्रीन रीडरची पार्श्वभूमी

जुन्या संगणकावर स्क्रीन रीडर, म्हणजे अंध व्यक्तींसाठी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, बसवण्याचा विषय निघाला की पहिली शंका बहुधा आवाजाचीच असते: एवढ्याशा रॅमवर हे यंत्र बोलेल का? गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही शंका भलत्याच ठिकाणी घेतली जाते असे दिसते. आवाज हा या व्यवस्थेतला सर्वांत हलका भाग आहे; पडद्यावर या क्षणी काय आहे, याचा पत्ता दुसऱ्या प्रोग्रॅमला लागणे हे खरे अवघड काम आहे आणि जुनी यंत्रे अडतात ती तिथेच.

१९८०च्या दशकात आवाजासाठी संगणकाला बाहेरून वेगळी पेटी जोडावी लागे. एमआयटीतील डेनिस क्लॅट यांच्या संशोधनावर आधारलेली ‘डेकटॉक’ ही अशी पेटी १९८४ मध्ये आली. पेटी महाग असली, तरी तिला पुरवायचा मजकूर मिळवणे मात्र सोपे होते. डॉस या विंडोजआधीच्या, केवळ अक्षरांवर चालणाऱ्या प्रणालीचा पडदा म्हणजे २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, अशी एकूण २,००० अक्षरे. प्रत्येक अक्षरामागे एक बाइट अक्षराचा आणि एक रंगाचा, म्हणजे सारा पडदा ४,००० बाइटांत मावत असे आणि तो स्मृतीतल्या ठरलेल्या जागी असे. त्या जागेतले बाइट उचलून पेटीकडे धाडले, की काम भागले. आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी जेसी राइट या अंध गणितज्ञ सहकाऱ्यासह याच पायावर डॉससाठी प्रोग्रॅम रचला आणि त्या उत्पादनाचे ‘स्क्रीन रीडर’ हे नाव पुढे साऱ्या प्रकारालाच चिकटले. मोटारसायकल शर्यतींत उतरणारे टेड हेंटर यांची दृष्टी १९७८ मधील अपघातात गेली. त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आणला.

विंडोजने हा पायाच काढून घेतला. चित्रमय पडद्यावर अक्षरे उरत नाहीत, उरतात ते रंगांचे ठिपके. मग स्क्रीन रीडरने विंडोज आणि पडद्याचा ड्रायव्हर (पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम) यांच्या मध्ये बसायचे, ‘अमुक ठिकाणी अमुक शब्द काढ’ असा प्रत्येक हुकूम वाटेतच टिपून ठेवायचा आणि त्या टिपणांवरून स्मृतीत पडद्याची एक छुपी प्रत सतत उभी करत राहायची, अशी युक्ती निघाली. जानेवारी १९९५ मध्ये आलेले विंडोजचे ‘जॉज’ अशाच युक्तीवर चालत होते. युक्ती कमालीची हुशारीची होती, पण नाजूकही होती, कारण डिस्प्ले कार्डाच्या ड्रायव्हरशी तिचे जुळले नाही की सगळेच बिघडे. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’ ही सोय आणली, तेव्हापासून प्रोग्रॅमने स्वतःहून ‘हे बटण आहे, याचे नाव हे’ असे सांगण्याचा मार्ग खुला झाला. मार्ग खुला झाला, तरी त्यावरून चालायचे की नाही हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहिले आणि ती मर्जी फारशी दिसली नाही. विंडोज २००० सोबत आलेला ‘नॅरेटर’ हा वाचक प्रोग्रॅम इतका तोकडा होता, की त्याचा उपयोग खरा स्क्रीन रीडर बसवून होईपर्यंत वेळ भागवण्यापुरताच होता.

याच काळात पुण्यात वाढलेल्या एका संशोधकाने प्रश्नाची मांडणीच बदलली. टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी गेली. वाडिया महाविद्यालय आणि आयआयटी मुंबई येथे शिकून ते कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि गणिती मजकूर ऐकवणाऱ्या प्रणालीवर त्यांनी १९९४ मध्ये पीएच.डी. मिळवली. १९९५ मध्ये त्यांनी ईमॅक्स या मजकूर-संपादकाला बोलके करणारे ‘ईमॅकस्पीक’ प्रसिद्ध केले. पडदा वाचूच नये, प्रोग्रॅमला जे ठाऊक आहे तेच बोलावे, हे त्यामागचे सूत्र. दिनदर्शिका उघडली, तर पडदा वाचणारा प्रोग्रॅम आकड्यांच्या रांगा वाचून दाखवतो. ईमॅकस्पीक त्या तारखेचा वार, महिना आणि वर्ष सांगते. ते मजकुरी पडद्यावरही चालत असल्याने त्याला भारी यंत्र लागत नाही. शिकायला मात्र ते चिवट आहे, आणि म्हणूनच बहुधा ते जाणकारांपुरते राहिले.

सर्वसामान्यांसाठी दार उघडले ते २००६ मध्ये. स्क्रीन रीडरची किंमत कित्येकदा संगणकाहून जास्त असे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने त्या वर्षी ‘एनव्हीडीए’ हा मोफत आणि मुक्त प्रोग्रॅम लिहायला घेतला. एनव्हीडीएसोबत मिळणारा ‘ईस्पीक’ हा आवाज जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ पासून एकॉर्न संगणकांसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून वाढला. त्यात माणसाने बोललेल्या शब्दांच्या ध्वनिफिती साठवलेल्या नसतात, स्वर सूत्रांनी घडवले जातात. म्हणून अनेक भाषांसह तो सारा सुमारे दोन मेगाबाइटांत मावत असे. डोळस माणसे ज्या आवाजाला यांत्रिक म्हणून नाक मुरडतात, तोच जुन्या प्रोसेसरवर कळ दाबताक्षणी बोलतो आणि वेग बराच वाढवला तरी स्पष्ट राहतो. एनव्हीडीए पेन ड्राइव्हवरूनही चालते. मात्र विंडोजच्या एक्सपी आणि व्हिस्टा या जुन्या आवृत्त्यांवर चालणारी त्याची शेवटची आवृत्ती २०१७.३, तर विंडोज ७ साठीची २०२३.३.४, नवी आवृत्ती उतरवून जुन्या यंत्रावर बसवू पाहणाऱ्याची निराशा बहुतेक वेळा इथेच होते. मूळ प्रणाली नव्याने टाकायची, तर विंडोजचे सेटअप २०१७ पर्यंत मुकेच होते. उलट डेबियन लिनक्समध्ये २०१३ च्या सातव्या आवृत्तीपासून, बूट मेनू (संगणक सुरू होताना येणारी पर्यायांची यादी) आल्याचा बीप ऐकून एस आणि एंटर दाबले की पुढची सारी मांडणी बोलून होते.

मराठीच्या वाटेत आणखी एक धोंड होती. एक्सपीवर देवनागरी नीट दिसण्यासाठी प्रादेशिक भाषांच्या सेटिंगमध्ये एका चौकटीत खूण करावी लागे आणि मग संगणक मूळ सीडी मागे, जी सहसा सापडत नसे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळेपर्यंत मराठी मजकूर ज्या फॉन्टांत टाइप झाला, त्यांत अक्षरे देवनागरी दिसत, पण फायलीत रोमन साठवली जात. कृतिदेव या अशाच फॉन्टमध्ये ‘राम’ टाइप केले, तर फायलीत जे, के, ई ही तीन रोमन अक्षरे असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. ईस्पीकमध्ये आज मराठी आवाज आहे. पण अशा फायली आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणल्याखेरीज त्या आवाजाला बोलायला मराठी शब्दच मिळत नाही, मग संगणक जुना असो वा कालच विकत घेतलेला.