निलगिरी आणि जळणाची टंचाई: थोडी पार्श्वभूमी

आपण ज्याला निलगिरी म्हणतो ते झाड मूळचं ऑस्ट्रेलियाकडचं, त्याच्या 700 च्या वर जाती आहेत, पण मराठीत नाव पडलं ते निलगिरीच्या डोंगरांवरून. 1843 च्या सुमारास इंग्रजांनी तिथे ते लावायला घेतलं त्यामागे मोठं कारण होतं सरपण. उटी आणि तिथल्याच वेलिंग्टन छावणीच्या थंडीत रोज लाकूड जाळायला लागायचं आणि आसपासची शोला जंगलं (डोंगराच्या घळींमधली तिथली मूळची दाट झाडी) भराभर तुटत चालली होती. म्हणजे 'रिन्यूएबल एनर्जी' हा शब्द कुणाच्या तोंडी यायच्या कितीतरी आधी हे झाड इंधनाचं पीक म्हणूनच जगभर फिरायला लागलं होतं, आणि आज बायोमासची, म्हणजे लाकूड-पाल्यापासून ऊर्जा मिळवण्याची, चर्चा करताना हेच नेमकं विसरलं जातं.

इथिओपियाचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. अदिस अबाबा 1886 मध्ये वसलं आणि काही वर्षांतच आजूबाजूचे डोंगर बोडके झाले, जळण मिळेना, सम्राट मेनेलिक दुसरा राजधानीच हलवायच्या विचारात होता. 1890 च्या दशकात तिथे निलगिरी आली, ती इतक्या झपाट्याने वाढली की राजधानी जागच्या जागी राहिली.

ब्राझीलमध्ये ही गरज रेल्वेला पडली. वाफेच्या इंजिनांना लाकूड लागायचं म्हणून पाउलिस्टा रेल्वे कंपनीत एडमुंडो नावारो दि आंद्रादे यांनी 1904 पासून स्थानिक झाडं आणि निलगिरी शेजारी शेजारी लावून बघितली, निलगिरी सगळ्यांच्या पुढे गेली. पुढे मिनास जेराइस भागात त्याच लाकडाचा कोळसा पाडून लोखंडाच्या भट्ट्या चालायला लागल्या, त्या आजही चालतात. 1966 पासून सरकारने लागवडीला टॅक्समध्ये सवलत दिली आणि मग क्षेत्र वाढतच गेलं.

सगळ्यांना हेच झाड का हवं असतं ते बघायचं असेल तर तोडलेला बुंधा जवळून बघावा. काही आठवड्यांत सालीखालून कोवळे, लालसर कोंब बाहेर येतात, एकाच खुंटाला दहा-पंधरासुद्धा, त्यातले एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे छाटतात. नवीन रोप लावायला नको, मुळं आधीच खोल गेलेली, त्यामुळे फुटवा सुसाट वाढतो. साधारण 5 ते 7 वर्षांनी पुन्हा तोड, असं दोन-तीन वेळा चालतं. ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांत टिकून राहायला झाडाने कमावलेली ही सवय आपल्याला इंधनासाठी उपयोगी पडली, मला हे फार विलक्षण वाटतं!

1973 च्या तेलसंकटानंतर मात्र सगळा हिशोब बदलला, सरपणाच्या जागी वीज आली. झाडं दाट लावायची, लवकर तोडायची, लाकडाच्या चिप्स (छोटे तुकडे) करून वीज केंद्राच्या बॉयलरमध्ये जाळायच्या, अशी योजना बऱ्याच देशांनी हातात घेतली. क्लोन रोपांमुळे (एकाच निवडक झाडापासून केलेली हुबेहूब रोपं) एकसारखी, सरळ वाढणारी झाडं मिळायला लागली. पण ताज्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं, ते वाळवल्याशिवाय जाळलं तर उष्णता पाणी उडवण्यातच जाते, आणि लांबून ट्रकने आणलं तर पाणीच वाहून आणल्यासारखं होतं. म्हणून लागवड वीज केंद्राच्या जवळ हवी.

पाण्याचा वाद पण जुनाच आहे. वेगाने वाढणारं झाड पाणीही तसंच ओढतं, दक्षिण आफ्रिकेत ओढ्यांचं पाणी कमी होतंय म्हणून 1972 पासून नव्या व्यापारी लागवडीला परवाना लागू झाला. मातीचंही तसंच, पाला आणि साल यात बरीच पोषकद्रव्यं असतात, ती शेतातच राहू दिली तर पुढच्या फुटव्याला मिळतात, पण इंधनाचा भाव चढला की पाला-फांद्यांसकट सगळं उचलून न्यायचा मोह होतो आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या तोडीला खुंट दमलेले दिसतात.