स्मूथ जॅझ आणि जॅझ : ९४.७ वेगळे, ८८.१ वेगळे

लॉस एंजेलिसच्या ‘द वेव्ह’ या एफएम केंद्राविषयी दोन विधाने हमखास ऐकू येतात : ते त्या शहराचे जॅझ केंद्र होते आणि ते बंद पडले. दोन्ही चुकीची आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गोंधळ आहे : स्मूथ जॅझ म्हणजेच जॅझ, असे मानण्याचा.

जॅझ म्हणजे वादकांनी चाल वाजवता वाजवता उत्स्फूर्तपणे फुलवायचे अमेरिकी संगीत. लॉस एंजेलिसमध्ये ते ऐकायचे असेल तर एफएमवर ८८.१ मेगाहर्ट्झ लावावे. लाँग बीचच्या राज्य विद्यापीठाकडे परवाना असलेले हे केंद्र पूर्वी केएलओएन होते, २००२ पासून केकेजेझेड आहे. ९४.७ वर मात्र आधी केएमईटी हे गाजलेले रॉक केंद्र होते. १४ फेब्रुवारी १९८७ रोजी त्याच्या जागी, पुढे स्मूथ जॅझचे केंद्र म्हणून ओळखले गेलेले ‘द वेव्ह’ आले, तेव्हा ‘स्मूथ जॅझ’ हे नावही प्रचारात नव्हते. न्यू एज (मन शांत करणारे, संथ वाद्यसंगीत), मृदू रॉक आणि थोडे फ्यूजन (जॅझ आणि रॉकचे मिश्रण) असा तो मामला होता. निवेदक नव्हतेच, दोन रचनांच्या मध्ये छोटे नाट्यप्रवेश ऐकवले जात. नाव रुजले ते पुढे, आणि तेही वादकांच्या बोलण्यातून नव्हे, तर केंद्रांच्या सल्लागारांनी श्रोत्यांना बसवून घेतलेल्या गटचर्चांतून.

खरा फरक इथेच आहे. सॅक्सोफोन किती गुळगुळीत वाजतो किंवा ढोल यंत्राचा आहे की माणसाचा, या गोष्टी दुय्यम आहेत. जॅझ ही वाजवण्याची रीत आहे. स्मूथ जॅझ हा मुळात केंद्राने काय लावावे हे ठरवणारा साचा आहे. व्यावसायिक केंद्रे श्रोत्यांना रचनेचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवून पसंती विचारतात आणि त्यावरून यादी ठरवतात. ख्यालाची परीक्षा मुखड्याच्या एका ओळीवर घ्यावी, तसे हे झाले : ओळखीची चाल उत्तीर्ण होते आणि चौथ्या मिनिटाला रंगणारा विस्तार परीक्षेला बसतच नाही. म्हणून त्या यादीत सॅक्सोफोनवादक केनी जीच्या शेजारी शादे आणि अनिता बेकर या गायिका सुखाने नांदतात. दोघींचे गाणे मला आवडते, पण त्यांना जॅझ गायिका म्हटले की माझा संयम सुटतो.

साचा असल्यामुळेच तो मोडताही आला. पूर्वी केंद्रांची श्रोतेसंख्या मोजण्यासाठी निवडलेले श्रोते काय ऐकले ते आठवून डायरीत लिहीत. साधारण २००७ पासून मोठ्या शहरांत अंगावर बाळगायचे मोजणीयंत्र आले, ते कानावर पडणाऱ्या केंद्राचा सांकेतिक ध्वनी आपोआप टिपते. या नव्या मोजणीत स्मूथ जॅझचे आकडे घसरले आणि जाहिरातींवर चालणाऱ्या केंद्रांनी मार्ग बदलला : न्यूयॉर्कच्या सीडी १०१.९ने २००८ मध्ये, शिकागोच्या डब्ल्यूएनयूएने आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या केकेएसएफने २००९ मध्ये. अमेरिकेत ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा पट्टा अव्यावसायिक केंद्रांसाठी राखीव आहे; ८८.१ त्यात बसते आणि श्रोत्यांकडे देणग्या मागून चालते.

‘द वेव्ह’ने २०१० पासून हळूहळू यादी बदलत नेली. नाव तेच, ९४.७ हा आकडाही तोच. फक्त तिथे आता आर अँड बी, म्हणजे ऱ्हिदम अँड ब्लूज, लागते.