झंज बंड

झंज बंड : (८६९–८८३). अब्बासी खिलाफतीच्या काळात दक्षिण इराकमध्ये, बसरा शहराभोवतीच्या दलदलीच्या प्रदेशात झालेला गुलामांचा उठाव. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लोकांना अरब लेखक झंज म्हणत. बंडखोर सगळे तिथलेच होते असे मात्र नाही. खारवट जमीन लागवडीखाली आणण्यासाठी जमीनमालक गुलामांच्या टोळ्यांकडून वरचा क्षारांचा थर खरवडून घेत. याच भागात सातव्या शतकाच्या अखेरीसही झंजांचे उठाव झाले होते; त्यांची माहिती त्रोटक आहे.

बंडाचा नेता अली इब्न मुहम्मद हा स्वतः गुलाम नव्हता. त्याचा जन्म इराणमधील रै शहराजवळच्या वर्झनीन गावी झाला, असे इतिहासकार अल्-तबरी (८३९–९२३) सांगतो. समर्रा या तत्कालीन अब्बासी राजधानीतील दरबारी वर्तुळात तो काही काळ कवी म्हणून वावरला. आपण पैगंबरांचे जावई अली यांचे वंशज आहोत, असा त्याचा दावा होता. पण त्यासाठी त्याने वेळोवेळी वेगवेगळ्या वंशावळी पुढे केल्या. तबरी त्याला अब्द अल्-कैस या अरब टोळीशी जोडतो. वंशाचा दावा खोटा होता, हे आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात. गुंता आणखी वाढतो तो नाण्यांमुळे : अल्-मुख्तारा या बंडखोरांच्या राजधानीत पाडलेल्या नाण्यांवर खारिजी या पैगंबरांच्या जावयाला, अलीला, विरोध करणाऱ्या पंथाची घोषणा आढळते आणि त्याच अलीच्या वंशजांचा कैवार घेणाऱ्याने ती वापरावी, हे विसंगत दिसते. तबरीचा सारा कल विरोधी आहे. तो या नेत्याला ‘खबीस’ (दुष्ट) म्हणतो. बंडखोरांच्या बाजूचा पुरावा जवळजवळ या नाण्यांपुरताच उरतो, म्हणून त्यांचे मोल अधिक.

हा मुळात गुलामांचा उठाव होता काय, याविषयीही मतभेद आहेत. इतिहासकार एम. ए. शाबान यांनी व्यापारी हितसंबंधांवर भर देऊन ते नाकारले. परंतु पळालेले गुलाम परत मिळावेत म्हणून मालकांनी माणशी पाच दिनार देऊ केले आणि नेत्याने उलट त्या गुलामांकडूनच मालकांना फटके मारविले, हा तबरीचा वृत्तांत पाहता हा गुलामांचाच उठाव होता, हे जुने मत अधिक सयुक्तिक वाटते. गुलामगिरी नष्ट करणे हा हेतू मात्र नसावा. अनुयायांना संपत्तीबरोबर गुलामही देण्याचे वचन होते आणि ८७१ मध्ये बसरा लुटल्यावर तेथील अनेक कैदी गुलाम केले गेले.

खलिफा अल्-मुअतमिद याचा भाऊ अल्-मुवफ्फक याने ८७९ पासून मोहीम नेटाने चालविली. शरण येणाऱ्यांना अभय व सैन्यात जागा देऊन त्याने बंडखोरांची फळी फोडली. दीर्घ वेढ्यानंतर ऑगस्ट ८८३ मध्ये अल्-मुख्तारा पडले आणि नेता मारला गेला. मृतांचे पारंपरिक आकडे पाच लाख किंवा त्याहून अधिक सांगितले जातात; ते विश्वसनीय नाहीत. ८८५ मध्ये वासित या इराकमधील शहरातील झंजांनी नेत्याचा मुलगा अन्कलाय याच्या नावाने घोषणा देताच बगदादच्या तुरुंगातील त्याच्यासह इतर म्होरक्यांचा शिरच्छेद करण्यात आला.