म्हैस तळ्यात का बसते? समस्थितीची पार्श्वभूमी

बेळगाव-खानापूरकडे एप्रिल लागला की दुपारच्या म्हशी तळ्यात शिरतात आणि हाकललं तरी बाहेर येत नाहीत. शिंगं, डोळे, नाकपुड्या तेवढ्या वर. आपण म्हणतो, सुस्तावली. म्हशीवर हा अन्यायच. कातडी काळी, केस विरळ, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा फारच कमी. ऊन अंगात भरतं, पण घामावाटे पुरेसं बाहेर पडत नाही. म्हणून पाण्यात बसून ती अंग ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखते. चिखल माखते तोही यासाठीच, लेप सावकाश सुकतो आणि तोवर गारवा देतो.

जनावराचं हे कसब शास्त्रज्ञांना उमगायला वेळ लागला. १७७४ साली डॉक्टर चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्यांचे सोबती इंग्लंडमध्ये तापवलेल्या खोलीत शिरले. पुढच्या खेपांना हवा १२० अंशांच्याही वर गेली. आत ठेवलेली अंडी टणक झाली, मांसाचा तुकडा शिजला, माणसं मात्र धडधाकट बाहेर आली. एका खेपेला नेलेली कुत्रीही. (तिला टोपलीत बसवलं होतं, पाय पोळू नयेत म्हणून.) माणसांचा घाम आणि कुत्रीची धाप यांनीच ही उष्णता बाहेर टाकली.

पण शरीर आत जे जे स्थिर राखतं, त्यातली ऊब ही एकच बाब झाली. नाटककार व्हायला पॅरिसला आलेला आणि शरीरशास्त्रज्ञ झालेला क्लोद बर्नार यानं साखरेचा माग काढला. कुत्र्याला नुसतं मांस घातलं तरी यकृतातून निघणाऱ्या रक्तात साखर सापडायची. म्हणजे यकृतच ती बनवून पुरवत होतं. १८५७ मध्ये त्यानं यकृतातला साठा, ग्लायकोजेन, वेगळा काढला. पेशी बाहेरच्या हवेत जगत नाहीत, रक्त-रसाच्या अंतर्गत पर्यावरणात जगतात, हा विचार त्याचाच.

हे आतलं पर्यावरण स्थिर राखण्याला नाव दिलं अमेरिकेच्या शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननने, १९२६ मध्ये: होमिओस्टॅसिस, आपल्याकडे समस्थिती. मला 'स्थिती' हा शब्द जरा फसवा वाटतो. आत अखंड धावपळ चाललेली असते. कॅननने काही मांजरांच्या अनुकंपी मज्जातंतूंच्या (हृदय, रक्तवाहिन्या यांना आपल्या नकळत हुकूम देणाऱ्या) साखळ्या काढून टाकल्या. उबदार प्रयोगशाळेत ती नीट जगली. थंडीत मात्र त्यांचे केस उभे राहीनात, अंगाची ऊब टिकेना.

आमच्याकडे पत्र्याच्या गोठ्यात बांधलेल्या म्हशीचंही तसंच. तिच्या वाटणीचं तळं गेलेलं असतं. दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी मारलं नाही, तर संध्याकाळी चरवी भरत नाही.