प्लाझ्मा टेबलात पाणी कुठलं भरायचं?

प्लाझ्मा टेबलावर टॉर्च विजेने तापवलेल्या वायूच्या झोताने पत्रा कापते. तिच्या टोकाशी तापमान 20,000 अंश सेल्सिअसच्या वर जातं. वितळलेलं लोखंड पत्र्याखाली उडतं आणि त्यातली अगदी बारीक भुकटी हवेत तरंगून फुप्फुसात जाते. खाली पाण्याचा ट्रे असला की ठिणग्या तिथेच विझतात, बरीचशी भुकटी पाण्यात बसते आणि पातळ पत्रा तापून वाकडा होत नाही. मास्क तरीही लावायचाच.

1250 × 1250 मिमी पत्र्यासाठी 3 मिमी एमएस (साध्या पोलादी) पत्र्याचा 1300 × 1300 मिमी ट्रे पुरतो; खोली 100 मिमी. तळापासून 40 मिमीवर आतून अँगल लावा आणि त्यावर 75 × 3 मिमीच्या पट्ट्या 75 मिमी अंतराने सुट्या उभ्या करा. त्या झिजतात, म्हणून वेल्ड करू नका. प्रत्येक पट्टीचं एक टोक 20 मिमी सरकवून तिरकी बसवा. टॉर्च पट्टीच्या रेषेतच धावली तर पट्टी उभी कापली जाते आणि स्लॅग (वितळलेला मळ) उलट वर उडतो.

पाणी 80 मिमी भरायचं, म्हणजे ते पत्र्याच्या 35 मिमी खाली राहतं. पाणी पत्र्याला टेकलं तर कापाची कड कडक होते आणि वेग कमी करावा लागतो. पातळी राखायला सोपी युक्ती आहे: तळाच्या 1 इंची सॉकेटमध्ये 80 मिमी उंचीचा पाइप उभा पिळा. जास्तीचं पाणी त्यातून खालच्या ड्रममध्ये पडतं; पाइप काढला की ट्रे रिकामा. पाणीच सुमारे 135 किलो. ट्रे, पट्ट्या आणि 6 मिमी पत्रा धरून भार 300 किलोला टेकतो. म्हणून ट्रेला स्वतंत्र पाय द्या. गँट्रीच्या, म्हणजे टॉर्च फिरवणाऱ्या आडव्या पुलाच्या, फ्रेमवर टेकवला तर फ्रेम वाकते आणि माप चुकतं. वेल्डच्या सांध्यांना बाहेरून खडू फासून आतून रॉकेल लावा. गळती असेल तिथे खडू ओला दिसतो. अर्थ क्लॅम्प (वीज परत नेणाऱ्या वायरचा चिमटा) थेट कापायच्या पत्र्याला लावायचा.

आता खरा कोकणचा प्रश्न. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 19 ग्रॅम क्लोराइड असतं. खाडीकाठच्या विहिरीत त्याचा शंभरावा हिस्सा मिसळला तरी ते 190 मिलिग्रॅम होतं. पिण्यासाठीच्या 250 मिलिग्रॅमच्या मर्यादेत हे पाणी बसतं, पण लोखंडाला नाही चालत. गंज रोखायला ट्रेच्या पाण्यात धुण्याचा सोडा घालतात. त्याने पाणी अल्कली होतं आणि लोखंडावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो. क्लोराइड तोच थर जागोजागी फोडतं आणि तिथून गंज आत शिरतो.

त्यापेक्षा पागोळ्यांचं पाणी धरा. पहिल्या एक-दोन सरी सोडून द्या, त्यात छपरावर साचलेलं मीठ आणि धूळ असते. 10 चौरस मीटर छपरावर 20 मिमी पाऊस पडला की 200 लिटरचा ड्रम भरतो. सोडा लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे ट्रेला साधारण 700 ग्रॅम. पीएच पट्टीवर 10 च्या खाली उतरला की पुन्हा थोडा घाला. हातमोजे हवेतच.

खात्री करायची असेल तर दोन बरण्या घ्या, एकीत विहिरीचं आणि दुसरीत पागोळीचं पाणी, सोडा दोन्हींत सारखा. पॉलिश पेपरने घासलेला पत्र्याचा एकेक तुकडा अर्धा बुडवून आठवडाभर ठेवा. पाण्याच्या रेषेवर तपकिरी ठिपके कुठे येतात ते बघा.

या टेबलावर ॲल्युमिनिअम कधीच कापायचं नाही. अल्कली पाण्यात त्याचा चुरा हायड्रोजन सोडतो. हा वायू पत्र्याखाली साचतो आणि ठिणगीने स्फोट होतो.

काम संपलं की पाणी झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये उतरवा, नाहीतर पावसाळ्यात डासांची पैदास होते. गाळ सुकवून पोत्यात भरा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा कापला असेल तर त्यात जस्त असतं, म्हणून तो माडाच्या आळ्यात किंवा पऱ्ह्यात टाकू नका.