कोंडणे

कोंडणे हे मराठीतील एक क्रियापद. बंदिस्त जागी घालून बाहेर पडण्याची वाट बंद करणे, हा त्याचा मूळ अर्थ. ते सकर्मकही चालते आणि अकर्मकही : ‘गुराख्याने गुरे कोंडली’, ‘खोलीत धूर कोंडला’. दुसऱ्या वाक्यात कोंडणारा कोणीच नाही. धुराला वाट मिळाली नाही, एवढेच. जागा दाखवणारा शब्द सहसा सप्तमीत येतो : गोठ्यात, खोलीत, छातीत.

काय कोंडता येते, याला भाषेने मर्यादा घातली आहे. पुस्तके कपाटात ठेवतात, पैसे तिजोरीत बंद करतात, कपडे पिशवीत कोंबतात. यांतले काहीच कोंडत नाहीत. ज्याला आपणहून बाहेर पडायची ओढ असते तेच कोंडले जाते : जनावर, माणूस, वाफ, श्वास, राग. ‘कपाटात मांजर कोंडले गेले’ यात कोणाला काही खटकत नाही. ‘कपाटात शाल कोंडली’ असे कोणी म्हटले, तर शालीने असा काय गुन्हा केला, हे विचारावेसे वाटते. पाण्याचे थोडे निराळे आहे. ते खड्ड्यात साचते, गटारात तुंबते. नळाच्या पाइपात कोंडते ती हवा.

शेजारची क्रियापदेही वाटून घेतलेली आहेत. गुरे कोंडतात, पण कोंबड्या डालग्याखाली डालतात. कोंबडे झाकतात आणि तरी उजाडायचे राहत नाही, ही म्हण सर्वांना पाठ आहे. माणसाला जबरदस्तीने कोंडले की बातमीत ‘डांबून ठेवले’ असे येते. कायद्याच्या मराठीत याला गैरपरिरोध म्हणतात (भारतीय न्याय संहिता, कलम 127). त्याच्या आधीच्या कलमातला गैरनिरोध म्हणजे माणसाला जायचे त्या दिशेला जाऊ न देणे, अर्थात अडवणे. गैरपरिरोधात ठरावीक हद्दीबाहेर कुठेच जाता येत नाही. अडवणे आणि कोंडणे यांतला हा भेद बोलणाऱ्यांना कलमे न वाचताही कळतो.

संयुक्त रूपांत ‘कोंडून ठेवणे’ आणि ‘कोंडून घेणे’ ही दोन नेहमीची. पहिल्यात कडी बाहेरून असते, दुसऱ्यात आतून. ‘त्याने स्वतःला कोंडून घेतले’ एवढ्यावरून दार कोणी लावले ते समजते, आणि बहुधा मनःस्थितीही.

या धातूच्या परिवारातला सर्वांत ठोस शब्द कोंडवाडा. मोकाट सुटून दुसऱ्याचे पीक खाणारी गुरे इथे आणून कोंडतात. त्यामागे 1871 चा गुरे अतिक्रमणाचा कायदा आहे. मालकाने दंड आणि खुराकीचा खर्च भरला की जनावर सुटते. 7 दिवसांत तो फिरकला नाही, तर आधी नोटीस निघते आणि तरीही कोणी आले नाही तर जाहीर लिलाव होतो. दया पवार यांच्या 1974 च्या कवितासंग्रहाचे नाव ‘कोंडवाडा’ आहे. तिथे कोंडलेली आहेत ती माणसे.

कोंडमारा मनाचा होतो. भिंत, दार यांची त्याला गरज लागत नाही. भरल्या घरातही तो होऊ शकतो. भाताच्या किंवा डोक्याच्या कोंड्याशी मात्र या शब्दांची गल्लत करू नये.

कोंडी हा शब्द युद्धातून राजकारणात आणि तिथून रस्त्यावर आला असावा, असे वाटते. 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घालून शिवाजी महाराजांची कोंडी केली. वेढा गडाला पडतो, कोंडी आतल्या माणसांची होते. आज पत्रकार परिषदेत मंत्र्याची कोंडी होते, वाटाघाटींची कोंडी फुटते आणि घाटात वाहतूक कोंडी होते. ही शेवटची फुटत नाही असे नाही, पण लोक बहुतेक वेळा ‘सुटली का?’ असेच विचारतात.